आडवी सायकल आणि एक डबा

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तीन महिने मुलाकडे हॉलंडला राहून आले. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" ट्यूलिपचा हंगाम मी जाण्याआधीच संपला होता. कालवे पाहिले, पवनचक्क्या पाहिल्या, आम्स्टरडॅमला चित्रांचे संग्रहालय पाहिले. पण खरे सांगायचे तर या मुक्कामात माझे मन सगळ्यात जास्त रमले ते मुलाच्या घरामागच्या छोट्या शेडमध्ये, त्याच्या सायकलचा डबा बनवताना. हे सांगितले की समोरचा माणूस विषय बदलतो! म्हणून म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच काढावे. नातेवाईक मंडळींना वाचावेच लागेल, बाकीच्यांनी कंटाळा आला तर खुशाल सोडून द्यावे.

मुलगा राहतो त्या गावाचे नाव अल्मेरे. समुद्राचे पाणी अडवून, उपसून काढलेल्या जमिनीवर हे गाव वसले आहे. इथली जमीन कोरडी झाली 1968 मध्ये आणि पहिली कुटुंबे राहायला आली 1976 मध्ये. म्हणजे मी बी.ए. होऊन नोकरीला लागले तेव्हा या गावात एकही घर नव्हते. गाव नवीन असल्यामुळे आखणी करतानाच सायकलींसाठी वेगळे रस्ते ठेवले आहेत. मोटारींशी गाठ पडत नाही. माणसे ऑफिसला सायकलने जातात, बाजाराला सायकलने जातात, पोरांना शाळेत सायकलने सोडतात.

आमचे चिरंजीवही सायकलनेच ऑफिसला जातात. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर. पण गेली दोन-तीन वर्षे त्याची कंबर आणि मनगटे धरायला लागली. डॉक्टरांनी व्यायाम दिले, पण सायकल सोडायची याला इच्छा नाही. मग त्याने एक जुनी 'लिखफीट्स' विकत घेतली. लिखफीट्स म्हणजे पडून चालवायची सायकल. इंग्रजीत तिला रिकंबंट म्हणतात. मी आपली 'आडवी सायकल' म्हणते. टेकायला पाठ असलेली लांबट खुर्ची, तीही जमिनीपासून हातभर उंचीवर. पॅडल खाली नाही, पुढे, पार पुढच्या चाकाच्याही पुढे. पाय समोर पसरायचे, पाठ टेकायची आणि निघायचे. भार पाठीवर आणि बैठकीवर सगळीकडे सारखा पडतो, मनगटांवर काहीच नाही.

मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा काय बोलले असेन? "अरे, हे काय! आरामखुर्चीला चाकं लावल्यासारखं. लोक काय म्हणतील?"

तो म्हणाला, "आई, इथं लोक काही म्हणत नाहीत. तूच म्हणतेयस."

सायकल झकास होती, पण तिच्यावर सामान ठेवायला नीट सोय नव्हती. हँडलला टोपली लावावी तर हँडल मांडीच्या आसपास. खोगिराला पिशवी अडकवावी तर खोगीरच नाही. खुर्चीच्या मागे एक छोटे कॅरिअर होते, त्यावर तो बॅग दोरीने बांधायचा. हॉलंडचा पाऊस आपल्यासारखा धो धो नाही, पण दिवसातून चार वेळा हजेरी लावून जातो. लॅपटॉप, रेनकोट, कपड्यांचा जोड आणि सूनबाईने दिलेला जेवणाचा डबा, एवढे सगळे कोरडे ठेवायचे. म्हणजे डब्यासाठी डबा हवा होता.

मी म्हटले, "सायकलींच्या देशात राहतोस, दुकानात डबा मिळत नाही?"

"साध्या सायकलचे शंभर प्रकार मिळतात. हिच्यासाठी पिशव्या मिळतात, पण महाग. आणि बंद होणारा डबा हवा तर मापाचा मिळत नाही. या सायकली एकीसारखी एक नसतात. इथं बहुतेक जण घरीच बनवतात."

बत्तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या बाईला एवढे उत्तर कसे पुरणार? सायकलचा जन्म एकोणिसाव्या शतकातला. आडवी सायकल काही कालची नाही. मग एकीच्या सामानाने दुकाने भरलेली आणि दुसरीच्या मालकाने शेडमध्ये खुडबुड करायची, असे का? दुपारी घरात मी एकटीच असायची. मुलाने कॉम्प्युटर लावून दिला, जे मिळेल ते वाचत गेले. आणि जे कळले ते फार गमतीचे, आणि थोडे वाईट वाटायला लावणारेही निघाले.

गोष्ट सुरू होते पॅरिसजवळच्या प्युतो गावात. तिथे शार्ल मोशे नावाचा एक कारागीर लहान, हलक्या मोटारी बनवायचा. त्याच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. पण त्याच्या आईला सायकल धोक्याची वाटत होती. (आई सगळीकडची सारखीच!) मग बापाने मुलासाठी पॅडलवर चालणारी चार चाकी छोटी गाडी बनवली. ती इतकी पळायची की जॉर्ज सायकलवाल्या पोरांना मागे टाकू लागला. ते पाहून मोशेने मोठ्या माणसांसाठी दोन जणांची पॅडलगाडी काढली. तिचे नाव व्हेलोकार. हलके अंग, गिअर आणि सीटच्या मागे सामान ठेवायला जागा. म्हणजे आमच्या डब्याचा पणजोबा म्हणायला हरकत नाही. मंदीच्या काळात ज्यांना मोटार परवडत नव्हती त्यांनी ती घेतली. पुढे महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हाही ती उपयोगी पडली.

चार चाकी गाडी वेगात वळताना कलंडायची. म्हणून मोशेने ती जणू उभी चिरून अर्धी केली आणि दोन चाकी केली. ती झाली आडवी सायकल. माणूस टेकून बसल्यामुळे समोरून हवेला अडवणारे अंग कमी, म्हणून वेग जास्त. आता ती शर्यतीत उतरवायला कोणी स्वार हवा. आँरी लमुआन नावाच्या शर्यतपटूने ती चालवून पाहिली. त्याला ती सोपी वाटली, पण लोक हसतील म्हणून त्याने शर्यतीला नकार दिला. (मी मुलाला जे म्हटले तेच की!) शेवटी फ्रान्सिस फोर हा दुसऱ्या फळीतला स्वार तयार झाला. त्याचा भाऊ बेनुआ जास्त नावाजलेला होता. आडवी सायकल घेऊन आलेल्या फ्रान्सिसला बरोबरीच्या स्वारांनी, झोपायला आलास का, अशा अर्थाचे टोमणे मारले. शर्यत सुरू झाली आणि टोमणे थांबले.

सायकलच्या जगात एक फार मानाचा विक्रम असतो. एका तासात एकट्याने किती अंतर कापता? ऑस्कर एग या स्विस स्वाराने 1914 मध्ये 44.247 किलोमीटर कापले होते. जवळजवळ वीस वर्षे तो आकडा कुणाला हलवता आला नव्हता. 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोरने आडव्या सायकलवर 45.055 किलोमीटर कापले. तब्बल 808 मीटर जास्त! पुढच्याच महिन्यात, 29 ऑगस्टला, मोरीस रिशारने बेल्जियममध्ये नेहमीच्या सायकलवर 44.777 किलोमीटर कापले. म्हणजे जुना विक्रम दोघांनीही मोडला. आता तासाचा विक्रमवीर कोण?

निकाल द्यायचा होता सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला. मोशे मोठा हुशार माणूस. त्याने 1932 मध्येच संघटनेला पत्र लिहून विचारून घेतले होते, की माझी सायकल नियमात बसते ना? तिला हवा कापणारे वेगळे कवच वगैरे काही लावलेले नाही, तेव्हा हरकत नाही, असे उत्तरही त्याला आले होते. पण विक्रम झाल्यावर वाद पेटला. ही सायकलच आहे का, असा प्रश्न निघाला. आणि संघटनेने सायकलची नवी व्याख्याच केली. ती 1 एप्रिल 1934 पासून लागू झाली. त्यात मापे होती. पॅडलचा मधला दांडा जमिनीपासून इतका उंच असावा, पुढच्या चाकापासून इतका लांब असावा, आणि सीटचे टोक या दांड्याच्या मागे 12 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे.

12 सेंटिमीटर! आपल्या कंपासपेटीतली पट्टीसुद्धा 15 सेंटिमीटरची असते. आडव्या सायकलचा सगळा जीवच सीट पॅडलच्या चांगली मागे असण्यात. त्यामुळे तिचे नावही न घेता ती बाद झाली. फोरचा विक्रम वेगळ्या रकान्यात टाकला गेला. मोशे त्याच वर्षी, 1934 मध्ये, वारला. फोरने मात्र हार मानली नाही. 5 मार्च 1939 रोजी त्याने कवच चढवलेल्या व्हेलोकारवर तासात 50.537 किलोमीटर कापले. पण तोवर अधिकृत वहीचे दार बंद झाले होते. ते आजही बंदच आहे.

वर्गात शिकवताना मी मुलांना सांगायची, की निकाल देण्याआधी दुसऱ्या बाजूचेही ऐका. तर संघटनेचे म्हणणेही ऐकू. शर्यत माणसांची असते, यंत्रांची नव्हे. प्रत्येकाने वेगळ्याच यंत्रावर बसून यायचे ठरवले तर 1914 च्या माणसाची 1934 च्या माणसाशी तुलना कशी करायची? शिवाय हवा कापणारी कवचे त्यांनी 1914 मध्येच बाद केली होती. तेव्हा त्यांच्या वागण्यात अगदीच सुसंगती नव्हती असे नाही. मला हे म्हणणे पटते. पण मग, "या वेगळ्या यंत्राच्या वेगळ्या शर्यती घेऊ" असे म्हणता आले असते. ते म्हटले गेले नाही.

नियम फक्त शर्यतीपुरता होता. रस्त्यावर आडवी सायकल चालवायला कोणी बंदी घातली नव्हती. पण शर्यतीत जे पळते तेच कारखाने बनवतात, आणि कारखाने बनवतात तेच लोक विकत घेतात. टोपल्या, पिशव्या, कॅरिअर, डबे सगळे त्याच मापाचे होते. आडव्या सायकलचे स्वतःचे दोषही आहेतच. ती महाग पडते, चढावर उभे राहून जोर लावता येत नाही, गर्दीत ती मोटारवाल्याच्या नजरेच्या खाली जाते. तरीपण, मला वाटते, त्या 12 सेंटिमीटरांनी तिला दुकानातून उठवून लोकांच्या शेडमध्ये नेऊन बसवले. मुलाच्या "इथं बहुतेक जण घरीच बनवतात" या वाक्यामागे नव्वद वर्षांपूर्वीची ती पट्टी होती.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण हे वाचताना मी खरोखरच थांबले होते.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायला होते तेव्हाची गोष्ट. आठवीच्या वर्गात कडेच्या बाकावर एक मुलगा बसायचा. बसायचा म्हणजे, एक पाय बाकाबाहेर लांब काढून, अंग तिरके करून रेलायचा. मला ते आवडायचे नाही. शिस्त म्हणजे ताठ पाठ आणि जुळवलेले पाय, असे आमच्या डोक्यात बसलेले. मी रोज म्हणायची, "नीट बस." तो तेवढ्यापुरता सरळ व्हायचा, पाच मिनिटांत पुन्हा तसाच. एकदा मी त्याला प्रश्न विचारला. त्याने जागेवरूनच, त्याच अवस्थेत उत्तर दिले. मला राग आला आणि मी त्याला तो तास संपेपर्यंत उभे केले. वर्ष संपता संपता त्याची आई काही कामाने शाळेत आली, तेव्हा बोलता बोलता कळले. लहानपणी तो चिंचेवरून पडला होता, हाड सांधताना वाकडे सांधले गेले, पाय जास्त वेळ दुमडून ठेवला की कळा यायच्या. त्याने कधी सांगितले नाही. आणि मी कधी विचारले नाही.

त्या दिवशी त्याने दिलेले उत्तर बरोबर होते. मी मात्र उत्तर तपासत नव्हते, बसणे तपासत होते.

असो. डब्याकडे वळू.

माल फुकटात मिळाला. तिकडे घर विकायचे असले की दारापुढे 'ते कोप' अशी पाटी लावतात, म्हणजे 'विकणे आहे'. या पाट्या पन्हळी प्लॅस्टिकच्या असतात. आपल्याकडे निवडणुकीच्या आणि दुकानांच्या पाट्यांना वापरतात तेच. पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे, दोन पातळ पत्रे आणि मध्ये पन्हळी. चौरस मीटरभर तुकडा किलोच्या आतच भरतो, पाण्याने भिजत नाही, साध्या कटरने कापता येतो. शेजाऱ्यांचे घर विकले गेले आणि दोन मोठ्या पाट्या आमच्या शेडमध्ये आल्या.

पहिला डबा मुलाने एकट्याने केला. सरळ चौकोनी, उभा, ट्रंकेसारखा. गोंदाने चिकटवला तर दुसऱ्या दिवशी सगळे सांधे सुटले. हे प्लॅस्टिक कोणत्याच गोंदाला धड धरत नाही. मग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधला. सायकल निघाली की डबा ढोलासारखा वाजायचा. वर, फ्लेव्होलँडच्या मोकळ्या रानात बाजूने वारा आला की सायकल ढकलली जायची. मुलगा म्हणाला, "आई, कुणीतरी मागून धरून ओढतंय असं वाटतं."

तेव्हा मला आमच्या दहिवडीच्या एसटीची आठवण झाली. कच्च्या रस्त्याने एसटी गेली की धुरळा कुठे असतो? गाडीच्या पुढे नसतो. मागे असतो, आणि गाडीबरोबर ओढला जातो. कागदाचे कपटे, पाचोळा, सगळे मागच्या काचेकडे धावते. गाडी हवा फाडत पुढे जाते, पण मागची बाजू एकदम सपाट कापलेली. बाजूने आलेल्या हवेला तिथे जुळून येता येत नाही. मागे पोकळी होते, भोवरे होतात आणि ते गाडीला मागे खेचतात. मासा पाहा. पुढून गोल आणि मागे निमुळता होत गेलेला. पाण्याला मागे हळूच जुळू देतो. आडव्या सायकलवाल्याच्या पाठीमागे अशीच एक रिकामी जागा असते. तिथे निमुळता डबा बसवला तर सामानही राहते आणि ती पोकळीही भरते. पुढे वाचनात आले की आडव्या सायकलवाले फार वर्षांपासून असेच शेपटीचे डबे करत आले आहेत. म्हणजे माझा शोध काही नवा नव्हता, पण एसटीवरून सुचला याचा मला अजून अभिमान आहे! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे रमतगमत जाणाऱ्याला याचा फरक जाणवत नाही. पंचवीस-तीसच्या वेगाने जाणाऱ्याला जाणवतो.

आता सपाट पत्र्याचा निमुळता डबा कसा करायचा? मुलगा कॉम्प्युटरवर आकृत्या काढत बसला. मी म्हटले, "अरे, हे तर बेतणं आहे." ब्लाउज बेतताना सपाट कापडाला अंगाचा आकार कसा देतो? टक घेतो. मी जुनी वर्तमानपत्रे घेतली, खुर्चीच्या मागे लावून पाहिली, टाचण्या टोचल्या, नको तिथे दुमडले, खुणा केल्या. दोन दुपारी गेल्या. कागदाचा डबा कॅरिअरवर बरोबर बसला तेव्हाच प्लॅस्टिकला कटर लावला. लांबी 70 सेंटिमीटर, पुढे रुंदी 40, मागे निम्मी, आणि उंची खुर्चीच्या माथ्याच्या खाली. जास्त लांब शेपूट केले तर बाजूचा वारा धरते, म्हणून तिथेच थांबलो.

बाकीच्या युक्त्याही लिहून ठेवते, कुणाला उपयोग झाला तर झाला. पन्हळीच्या दिशेने घडी घालायची तर आतला एकच पत्रा चिरायचा, बाहेरचा तसाच ठेवायचा. घडी सुरेख पडते. झाकणालाही तीच युक्ती केली, वेगळी बिजागरी लागत नाही. सांधे पॉप रिव्हेटने जोडले. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घालायचे, नाहीतर रिव्हेट प्लॅस्टिक फाडून बाहेर येते. तळाला आणि काठांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, म्हणून वाजत नाही. जड सामान तळाशी आणि खुर्चीला लागून, हलके मागे. डब्यामुळे मागचा दिवा झाकला जातो, तेव्हा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर डब्यावर घेतले.

डबा भिजतो का हे पाहण्याचे काम नातवाने घेतले. आत वहीचा कागद ठेवून त्याने बागेचा पाइप सोडला. कागद ओला! पाणी झाकणातून आले नव्हते. पन्हळीच्या उघड्या तोंडांतून आत शिरून नळीसारखे वाहत गेले होते. वरची सगळी तोंडे चिकटपट्टीने बंद केली, तळाची उघडी ठेवली, म्हणजे आत गेलेच तर निघून जाईल. दुसऱ्या परीक्षेत कागद कोरडा. नातवाने मला दहापैकी नऊ गुण दिले. एक का कापला विचारले तर म्हणाला, "आजी, 'ते कोप' दिसतंय." एका बाजूला ती अक्षरे बाहेरच राहिली होती.

डबा तयार झाल्यावर एका रविवारी मुलाने आम्हाला मोटारीने ड्रॉन्टेन गावाला नेले. अल्मेरेच्या पलीकडे, तसेच पाण्यातून वर आलेले गाव आहे. आडव्या सायकलींच्या इतिहासात या गावाला मोठा मान आहे. इथल्या फ्लेव्होबाइक या छोट्या कंपनीने 1990 च्या दशकात 'अलेवेडर' नावाची, अ‍ॅल्युमिनियमच्या पूर्ण कवचाची तीन चाकी पॅडलगाडी काढली. नावाचा अर्थ 'कोणत्याही हवामानात'. ती सुटे भाग म्हणूनही मिळायची. पेटी घरी आणायची आणि आपणच रिव्हेट मारत जोडायची. मोशेची व्हेलोकार साठ वर्षांनी दुसऱ्या देशात पुन्हा जन्माला आली, तीही लोकांच्या शेडमध्ये. रिव्हेट मारून मारून माझ्या हाताला फोड आले होते, त्यामुळे ते ऐकून मला बरे वाटले.

अमेरिकेतही असेच झाले. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक चेस्टर काइल आणि त्यांच्या सोबत्यांनी 1975 मध्ये अर्विनडेल इथे एक शर्यत भरवली. तिथे आकाराचा नियमच नव्हता. माणसाच्या बळावर चालायला हवे, एवढेच. लोक घरी बनवलेली कसली कसली वाहने घेऊन आले. पुढच्या वर्षी, 1976 मध्ये, त्यातून त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. 'वेगळ्या यंत्राच्या वेगळ्या शर्यती घेऊ' असे शेवटी कोणीतरी म्हटले. फक्त मोशे गेल्याला बेचाळीस वर्षे झाली होती.

आणि आपल्या लिहित्या मंडळींसाठी एक खास गोष्ट. स्टीव्हन रॉबर्ट्स नावाच्या अमेरिकन लेखकाने 1983 मध्ये घर सोडले आणि आडव्या सायकलवर संसार मांडला. बरोबर छोटा कॉम्प्युटर, वीज सूर्याच्या तबकडीची, आणि वाटेत सार्वजनिक टेलिफोनला जोडून लेख पाठवायचे! पुढच्या सायकलच्या हँडलमध्ये त्याने कळा बसवल्या, म्हणजे चालवता चालवता लिहिता येईल. तिसरी सायकल 1990 च्या आसपास तयार झाली. तिच्यावर आणि मागच्या गाड्यावर इतके डबे आणि यंत्रे की वजन 580 पौंड, म्हणजे अडीचशे किलोंच्या वर. ती आता कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर इतिहास संग्रहालयाकडे आहे. आपण घरात बसून लिहितो आणि वीज गेली की कुरकुरतो!

सोमवारी मुलगा डबा लावून ऑफिसला गेला. संध्याकाळी पावसात न्हाऊन परत आला, डबा उघडला, आतला टॉवेल काढला, तो कोरडा होता. त्यानेच डोके पुसले. "कुणी ओढतं का मागून?" मी विचारले. "नाही. पण सिग्नलला एका बाईने विचारलं, घर कुठे आहे, किंमत काय!"

मीही एकदा त्या सायकलवर बसून पाहिले. मुलाने मागून धरले होते. पाय उचलले आणि मी हळूच हिरवळीवर आडवी झाले. लागले काही नाही. पण पडण्याआधीचे दोन क्षण पाठ टेकलेली, पाय पसरलेले आणि समोर सगळे आकाश, असे ते बसणे फार सुखाचे होते. ते 'नीट' बसणे नव्हते, एवढेच.

निघायच्या आदल्या दिवशी नातू गृहपाठ करत होता. खुर्चीवर एक पाय वर घेतलेला, दुसरा खाली लोंबता, अंग टेबलावर रेललेले. 'नीट बस' हे शब्द अगदी ओठांवर आले. बत्तीस वर्षांची सवय ती! गिळले आणि विचारले, "पाय दुखतोय का रे?"

"नाही आजी. असंच."

"बरं. उत्तर काय आलं?"

उत्तर बरोबर होते.